सुरुवातीचे ब्लूज: मुलूख आणि माणसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्लूजबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांशी येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भर दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काळावर आहे. या संगीताला ‘दुःखितांचा टाहो’ म्हणून मोकळं होण्याची सवय फार पसरली आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. ब्लूज ठरावीक गावांतल्या, नावानिशी माहीत असलेल्या, कसलेल्या कलावंतांनी घडवलं. त्या गावांची आणि माणसांची ओळख व्हावी म्हणून हा खटाटोप.

१. ब्लूज म्हणजे नेमकं काय? सगळी दुःखी गाणी ब्लूज असतात का?

नाही. ब्लूजला स्वतःचा बांधा आहे. सर्वांत रुळलेला साचा बारा बारांचा. प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. त्यात तीन ओळी बसतात: पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. गायलेली ओळ साधारण अर्ध्या जागेतच संपते, उरलेल्या जागेत गिटार किंवा पियानो बोलतो. खाली तीन कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) फिरत असतात, षड्ज, मध्यम आणि पंचमावर उभारलेले.

खरी गंमत सुरांत आहे. कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि गळा मात्र कोमल गंधाराकडे झुकतो. कधी तो दोहोंच्या मधल्या जागेवरच थांबतो. निषादाचंही तसंच. ही मधली जागा पियानोच्या पट्टीवर सापडत नाही, गळ्यातून आणि ताणलेल्या तारेतूनच येते. ज्यांचा कान रागसंगीतावर तयार झाला आहे त्यांना ही हालचाल पहिल्या ऐकण्यातच पकडता येते.

विषय म्हणाल तर दुःख आहेच, पण थट्टा, शृंगार, आगगाडी, पूर, कापसावरची कीड, तुरुंग, दारू आणि शेजारपाजारची भांडणंही आहेत. बारा बारांचा नियम मात्र सुरुवातीच्या एकट्याने गाणाऱ्या मंडळींनी फारसा पाळला नाही. श्वास लागला किंवा गिटारची एखादी जागा रंगली की ते मात्रा वाढवत, कधी कमीही करत.

२. ब्लूजचा जन्म कधी आणि कुठे झाला?

एक गाव, एक वर्ष असं सांगता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, १८९०च्या आसपासच्या दशकात हे गाणं आकाराला येत होतं आणि १९०० नंतरच्या काही वर्षांत ते वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांच्या कानावर पडलं. चार्ल्स पीबडी हे हार्वर्डचे पुरातत्त्वज्ञ १९०१-०२मध्ये मिसिसिपी राज्यात उत्खनन करत होते. खोदकाम करणाऱ्या मजुरांची गाणी त्यांच्या लक्षात राहिली आणि १९०३ साली त्यांनी त्यावर टिपण छापलं. गायिका मा रेनी (प्रश्न ७) सांगत की १९०२ साली मिझुरीतल्या एका छोट्या गावात, तंबूच्या खेळाच्या वेळी, एका मुलीने सोडून गेलेल्या माणसाबद्दलचं असं गाणं त्यांना ऐकवलं.

सर्वांत प्रसिद्ध हकिगत डब्ल्यू. सी. हँडी यांची. हे शिकलेले बँडमास्तर, जन्म १८७३, अलाबामातलं फ्लॉरेन्स. १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत असताना शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी फिरवत गात होता. ‘सदर्नची लाइन जिथे डॉगला छेदते तिथे चाललो,’ एवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. ते ठिकाण खरंच आहे: मूरहेड गावात दोन रेल्वेमार्ग एकमेकांना काटकोनात छेदायचे आणि त्यांतल्या एकाला लोक ‘यलो डॉग’ म्हणायचे. त्या गवयाचं नाव हँडींनी विचारलं नाही. पुढे ब्लूजची छापील स्वरलिपी देशभर गेली ती मुख्यतः हँडींमुळे. त्यांचं ‘मेम्फिस ब्लूज’ १९१२चं आणि ‘सेंट लुइस ब्लूज’ १९१४चं. ‘ब्लूजचे जनक’ ही त्यांची पदवी मला जास्त वाटते. ऐकलेलं नेमकं टिपून, सजवून लोकांपुढे ठेवणारे ते पहिले मोठे संगीतकार होते, आणि ही कामगिरीही लहान नाही.

३. डेल्टा म्हणजे नदीचं मुख ना? मग न्यू ऑर्लिन्सऐवजी मिसिसिपी राज्याचं नाव का घेतात?

ब्लूजमधला ‘डेल्टा’ समुद्रापासून बराच वर आहे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधलं गाळाचं सपाट मैदान, उत्तरेला मेम्फिसच्या जवळ सुरू होऊन दक्षिणेला व्हिक्सबर्गपर्यंत जाणारं, लांबी तीनशे किलोमीटरच्या घरात. १८६५ नंतरही त्याचा मोठा भाग दलदल आणि जंगल होता. ते जंगल तोडायला, बांध घालायला, रूळ टाकायला आणि मग कापूस वेचायला हजारो कृष्णवर्णीय मजूर आले. तरुण, पगार हातात पडणारी, घरापासून तुटलेली माणसं एकत्र आली की शनिवारच्या रात्री गाणं लागतंच.

या मैदानातली एक जागा नकाशावर खूण करून ठेवावी अशी: डॉकरी फार्म. विल डॉकरी यांनी १८९५ साली वसवलेली ही कापसाची जमीनदारी. तिचं स्वतःचं दुकान होतं, स्वतःचं चलन होतं आणि रेल्वेचा फाटाही होता. गायक-गिटारवादक चार्ली पॅटन (प्रश्न १२) इथे वाढला, आणि त्याला ऐकायला, त्याच्यासोबत वाजवायला विली ब्राउन, टॉमी जॉन्सन आणि पुढे हाउलिन वुल्फ म्हणून गाजलेला चेस्टर बर्नेट इथे येत राहिले.

या कापसाचा मुंबईशी जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवीत दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो बाजार कोसळला. मुंबईत शेअर बुडाले त्याच वर्षी तिकडे गुलामगिरी कायद्याने संपली.

४. गुलामगिरी १८६५ला संपली, तर तीस-चाळीस वर्षांनी जन्मलेल्या गाण्यात एवढी पिळवणूक कुठून आली?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. त्या वेळी तिथेही आशेचा काळ होता. कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, निवडून येत होते. १८७७ साली दक्षिणेतून केंद्राच्या फौजा निघाल्या आणि चित्र उलटलं. पुढच्या काही दशकांत मताधिकार काढून घेतला गेला, रेल्वेच्या डब्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं वेगळं झालं आणि झुंडींनी माणसं फासावर लटकवणं सर्रास चालू झालं.

शेती बटाईची होती. जमीन, बियाणं, खेचर आणि उधारीचा किराणा मालकाचा, राबणं कुळाचं. हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि तो मालकाच्याच वहीत असायचा. कापूस विकूनही बहुतेकांच्या नावावर देणंच निघे. कर्ज ठेवून पळणाऱ्याला पकडून आणत. किरकोळ आरोपावर पकडलेले लोक मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगाच्या शेतावर फुकट राबत. ब्लूजमध्ये ‘निघून जाणं’ एवढ्या वेळा का येतं, आगगाडीची शिट्टी एवढी का वाजते, ते या पार्श्वभूमीवर कळतं.

५. ब्लूज आफ्रिकेतून आलं असं म्हणतात. मग ते आफ्रिकेत ऐकू का येत नाही?

कारण जसंच्या तसं काही आलं नाही. गाण्याच्या सवयी आल्या: ओळीला ओळीने उत्तर देणं, सूर सरळ न लावता वाकवणं, आवाजात मुद्दाम खरखर आणणं, एका वाद्याने गळ्याशी संवाद करणं. पश्चिम आफ्रिकेच्या कातडं मढवलेल्या तंतुवाद्यांपासून अमेरिकेत बँजो झाला. ढोल मात्र मागे पडले, कारण १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो इथे गुलामांचं बंड झालं आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ढोलावर बंदी आली. टाळ्या, पाय आपटणं आणि तंतुवाद्याच्या लाकडावर थाप मारणं यांना एवढं महत्त्व येण्यामागे या बंदीचाही हात आहे.

बाकीचं अमेरिकेच्या मातीत मिसळलं: शेतात एकट्याने मारलेल्या लांब आरोळ्या, बांधावरच्या टोळ्यांची कामाची गाणी, चर्चमधली भजनं, गोऱ्यांच्या कथागीतांच्या चाली, रॅगटाइम हे पियानोवरचं उडत्या ठेक्याचं संगीत आणि डाकेने मागवता येणारी स्वस्त गिटार. मालीच्या अली फार्का तुरे यांचं वादन ऐकून डेल्टाची आठवण येते हे खरं, पण त्यांनी अमेरिकन ब्लूजच्या रेकॉर्डही ऐकल्या होत्या. त्यामुळे तो पुरावा जपून वापरावा.

६. पहिली ब्लूज रेकॉर्ड कोणाची?

कृष्णवर्णीय गायिकेने गायलेलं पहिलं ब्लूज म्हणून मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’चं नाव घेतलं जातं. ध्वनिमुद्रण १० ऑगस्ट १९२०, न्यूयॉर्क, ‘ओके’ नावाच्या कंपनीसाठी. गाणं पेरी ब्रॅडफर्डचं. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक रेकॉर्ड विकत घेईल यावर कंपन्यांचा विश्वास नव्हता, ब्रॅडफर्डने दारोदार फिरून त्यांना पटवलं. रेकॉर्ड इतकी खपली की सगळ्या कंपन्यांनी या बाजारासाठी वेगळ्या मालिका काढल्या.

गिटारवाल्यांची पाळी नंतर आली. लुईव्हिलच्या सिल्व्हेस्टर वीव्हरने १९२३मध्ये गिटारच्या रेकॉर्ड केल्या, पापा चार्ली जॅक्सनच्या १९२४ साली आल्या आणि ब्लाइंड लेमन जेफरसनच्या रेकॉर्ड १९२६मध्ये धडाक्याने खपल्यावर कंपन्यांची माणसं दक्षिणेत गवई शोधत फिरू लागली.

७. सगळीकडे गिटार घेतलेल्या पुरुषांचेच फोटो दिसतात. बायका नव्हत्या का?

पहिल्या ब्लूज तारका बायकाच होत्या आणि त्या काळी सर्वाधिक खपही त्यांचाच होता. १९६०च्या दशकात ज्या तरुणांनी जुन्या रेकॉर्ड गोळा केल्या त्यांना एकटा, अनगड, गिटारवाला पुरुष आवडला आणि इतिहास त्याच्याभोवती लिहिला गेला. हा अन्याय अजून पुरता दुरुस्त झालेला नाही.

मा रेनी, मूळ नाव गर्ट्रूड प्रिजेट, जन्म १८८६, जॉर्जियातलं कोलंबस. तंबूतल्या फिरत्या खेळांत त्या वाढल्या. रेकॉर्ड करायला १९२३मध्ये गेल्या तेव्हा रंगमंचावरचा त्यांचा अनुभव वीस वर्षांच्या पुढे होता. पाच वर्षांत त्यांनी नव्वदहून अधिक गाणी दिली. १९२८च्या ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’मध्ये त्या स्त्रियांवरच्या प्रेमाबद्दल उघड गातात. त्या काळात हे गाण्याची हिंमत किती लोकांत असेल, याचा विचार करावा.

बेसी स्मिथ टेनेसीतल्या चॅटनुगाची. लहानपणी ती रस्त्यावर गायची. १९२३चं तिचं पहिलं प्रकाशित गाणं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोन स्त्रियांनी रचलेलं होतं. मायक्रोफोन येण्याआधी भोंग्यापुढे गाताना तिचा शब्द न शब्द कळतो. एकाच शब्दावर ती सूर थोडा खाली ओढते, थांबते आणि मग सोडते. पुढच्या कितीतरी गायकांनी हे तिच्याकडून उचललं.

गिटार वाजवणाऱ्या बायकाही होत्या. मेम्फिस मिनी, मूळ नाव लिझी डग्लस, हिने १९२९पासून पुढची दोन दशकं पुरुष गिटारवाल्यांच्या बरोबरीने रेकॉर्ड केल्या. गीशी वायली आणि एल्वी टॉमस यांची १९३०ची मोजकी गाणी उरली आहेत, त्यांतलं ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’ मी कोणत्याही पुरुषाच्या गाण्याच्या मागे ठेवणार नाही.

८. बेसी स्मिथला गोऱ्यांच्या रुग्णालयाने नाकारलं म्हणून ती वारली, हे खरं आहे का?

नाही, ही कथा अपघातानंतर एका संगीत मासिकातल्या लेखातून पसरली. २६ सप्टेंबर १९३७च्या पहाटे क्लार्क्सडेलजवळ हायवे ६१वर तिच्या मोटारीला अपघात झाला. रस्त्याने जाणाऱ्या एका गोऱ्या डॉक्टरने थांबून उपचार केले. रुग्णवाहिकेने तिला थेट क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेलं. जखमा भयंकर होत्या, ती तिथेच वारली. गोऱ्यांच्या रुग्णालयात न्यायचा प्रयत्नच झाला नाही, कारण मिसिसिपीत तेव्हा असं कोणाच्या मनातही आलं नसतं. तिच्या थडग्यावर १९७०पर्यंत दगड नव्हता. तो बसवण्याच्या खर्चात गायिका जॅनिस जॉप्लिनचा वाटा होता.

९. वेगवेगळ्या प्रदेशांचं ब्लूज ऐकून कसं ओळखायचं?

डेल्टाचं ब्लूज ताणलेलं, ठोक्याचं, आवाज घशातून काढलेला, गिटारवर काचेची किंवा धातूची नळी (प्रश्न ११). चार्ली पॅटन, सन हाउस, विली ब्राउन हे इथले. सन हाउस आधी धर्मोपदेशक होता आणि त्याच्या गाण्यात प्रवचनाचा आवेश शेवटपर्यंत राहिला.

टेक्ससचं ब्लूज मोकळं असतं. ब्लाइंड लेमन जेफरसन गाताना गिटार जवळपास थांबवतो आणि ओळ संपली की एकेका तारेवर लांब फिरत जातो. पुढच्या ओळीला समेवर यायची त्याला घाई नसते. डॅलसच्या डीप एलम भागात तो रस्त्यावर गायचा. त्याच्या सोबत काही काळ लेडबेली हा गायक फिरला.

पूर्वेकडे, जॉर्जिया आणि कॅरोलायनाच्या पीडमाँट पट्ट्यात, अंगठा दोन खालच्या तारांवर एकाआड एक ठेका धरतो आणि बोटं वरच्या तारांवर रॅगटाइमची चाल वाजवतात. हे वादन हलकं, उड्या मारणारं, नाचाला सोयीचं. ब्लाइंड ब्लेक हा यातला उस्ताद. अटलांटाचा ब्लाइंड विली मॅक्टेल बारा तारांची गिटार वाजवायचा, त्याचं ‘स्टेट्सबरो ब्लूज’ १९२८चं. डरहॅम इथे तंबाखूच्या गोदामांबाहेर, मजुरांच्या हाती पैसे येत त्या जागी, ब्लाइंड बॉय फुलर गायचा. रेव्हरंड गॅरी डेव्हिसही तिथे गात.

मेम्फिसमध्ये बील स्ट्रीटवर जग-बँड होते: मातीच्या किंवा काचेच्या मोठ्या जगाच्या तोंडावर फुंकून खर्ज काढायचा, सोबत माउथ ऑर्गन, बँजो, गिटार. विल शेड आणि गस कॅनन यांच्या मंडळ्या प्रसिद्ध होत्या. इंडियानापोलिसच्या लीरॉय कारने १९२८मध्ये पियानोवर शांत, शहरी, जवळजवळ कुजबुजीचं ब्लूज आणलं.

आणि बेंटोनिया. मिसिसिपीतलं हे छोटं गाव, पण स्किप जेम्सची उदास सुरावट दुसरीकडे कुठे मिळत नाही. तो गिटार मायनर कॉर्डमध्ये जुळवायचा, म्हणजे मोकळ्या तारांतच कोमल गंधार वाजायचा, आणि वर स्वतः उंच, पातळ आवाजात गायचा. फेब्रुवारी १९३१मध्ये त्याने अठरा गाणी ध्वनिमुद्रित केली. मंदीचा काळ होता, रेकॉर्ड खपल्या नाहीत.

१०. मिसिसिपी जॉन हर्टच्या नावातच मिसिसिपी आहे. मग त्याचं गाणं डेल्टासारखं का वाटत नाही?

कारण प्रश्न ९मधला नकाशा ऐकायला मदत करतो, पण तो नियम नाही. हर्टचं अ‍ॅव्हलॉन गाव डेल्टाच्या कडेला, जिथे टेकड्या सुरू होतात तिथे आहे. त्याचं बोटांचं काम पीडमाँटच्या जवळचं, आवाज मवाळ. शिवाय ही मंडळी फक्त ब्लूज गात नसत. लग्नात, सहलीत, गोऱ्यांच्या नाचात जे मागतील ते वाजवत: वॉल्ट्झ, भजनं, कथागीतं. रेकॉर्ड कंपनीला त्यांच्याकडून ब्लूज हवं असे, म्हणून आपल्यापर्यंत तेच पोचलं. आणि १९२६ नंतर रेकॉर्ड गावोगाव गेल्या, त्यामुळे डेल्टातल्या रॉबर्ट जॉन्सनने इंडियानापोलिसच्या लीरॉय कारकडून घरबसल्या शिकून घेतलं.

११. गिटारवर बाटलीची मान किंवा सुरी का फिरवतात?

मींड काढण्यासाठी. पडद्यांवर बोट ठेवलं की सूर पायऱ्यांनी बदलतो, नळी फिरवली की सरकत जातो आणि प्रश्न १मधली मधली जागा सापडते. यामागे दोन वाटा आहेत. पहिली घरगुती: घराच्या भिंतीला दोन खिळे ठोकून झाडूची तार ताणायची, खाली बाटली अडकवायची आणि एका हाताने छेडत दुसऱ्या हाताने काच सरकवायची. डेल्टातल्या अनेक मुलांचं हे पहिलं वाद्य होतं. दुसरी हवाई बेटांची गिटार, जी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर गाजत होती. टटवायलरच्या त्या सुरीवाल्याबद्दल लिहिताना हँडींनाही हवाई वादकच आठवले. हीच हवाई गिटार पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आली, म्हणून तो सरकता सूर आपल्याला परका वाटत नाही.

१२. चार्ली पॅटनची रेकॉर्ड इतकी खराब ऐकू येते. त्याला एवढा मान का?

आधी खरखरीबद्दल. पॅटन ज्या पॅरामाउंट कंपनीसाठी गायला ती विस्कॉन्सिनच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा होती. ग्रामोफोनची कपाटं बनवता बनवता ते रेकॉर्डच्या धंद्यात आले. माल स्वस्तातला, ध्वनिमुद्रण जेमतेम. कंपनी बंद पडली आणि धातूच्या मूळ तबकड्या गेल्या. आज आपण ऐकतो ती कोणाच्या तरी घरात वाजवून वाजवून झिजलेली प्रत. काही रेकॉर्डच्या एक-दोनच प्रती उरल्या आहेत, विली ब्राउनची एक तर अजून सापडलेलीच नाही.

आता मान का, ते एका गाण्यावरून सांगतो. २१ एप्रिल १९२७ रोजी ग्रीनव्हिलच्या वरच्या बाजूला माउंड्स लँडिंग इथे मिसिसिपीचा बांध फुटला आणि डेल्टाचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. गोऱ्या कुटुंबांना बोटींनी हलवलं गेलं. कृष्णवर्णीय मजुरांना ग्रीनव्हिलच्या बांधावर पहाऱ्यात ठेवून कामाला जुंपलं, कारण ते गेले तर परत येणार नाहीत अशी मालकांना भीती होती. १९२९मध्ये पॅटनने यावर ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ गायलं. एका बाजूत मावेना म्हणून रेकॉर्डच्या दोन्ही बाजू. तो गिटारच्या लाकडावर थाप मारतो, पाय आपटतो, एका ओळीच्या मध्येच दुसऱ्या आवाजात स्वतःशी बोलतो. टेकड्यांकडे जावं म्हणतो, पण आपल्याला अडवलं आहे असंही सांगतो. वर्तमानपत्रं जे आडून लिहीत होती ते त्याने नाव घेऊन गायलं.

प्रत्यक्षात तो मोठा खेळकर कलाकार होता: गिटार डोक्यामागे धरून, गुडघ्यांत धरून वाजवायचा. एप्रिल १९३४मध्ये वारला. हाउलिन वुल्फचा खर्ज आवाज आणि रंगमंचावरचा धिंगाणा त्याच्याकडून आलेला आहे.

१३. रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला, ही गोष्ट कुठून आली?

दुसऱ्याच जॉन्सनकडून. मध्यरात्री चौरस्त्यावर जायचं, एक काळा माणूस येऊन गिटार जुळवून देतो, ही कथा टॉमी जॉन्सनबद्दल त्याच्या भावाने सांगितली होती. दोघांचं आडनाव एक, नातं काही नाही. रॉबर्टच्या ‘क्रॉस रोड ब्लूज’मध्ये सैतान नाहीच. त्यात एक माणूस सूर्य मावळताना चौरस्त्यावर गाडीला हात करतो आहे, कोणी थांबत नाही आणि तो देवाची करुणा भाकतो. अनोळखी गावात अंधार पडल्यावर एकटा सापडलेल्या कृष्णवर्णीय तरुणाचं काय होऊ शकतं, ते प्रश्न ४ वाचल्यावर सांगायला नको. खरी भीती त्या गाण्यात आहेच, सैतानाची कथा ती झाकते.

त्याच्या हातातली जादू मेहनतीची होती. सन हाउसला आठवतं त्याप्रमाणे पोरगा आधी गिटार वाईट वाजवायचा, गाव सोडून गेला आणि परतला तो सगळ्यांना मागे टाकून. त्या मधल्या काळात तो हेझलहर्स्टच्या बाजूला आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे शिकत होता. हे दोघे रात्री कोणाला त्रास नको म्हणून कब्रस्तानात बसून रियाज करत.

जन्म १९११. ध्वनिमुद्रण दोनदाच: नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओच्या हॉटेलात आणि जून १९३७मध्ये डॅलसला. एकूण २९ गाणी. १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुडजवळ वयाच्या २७व्या वर्षी वारला. विषप्रयोगाची चर्चा कायम आहे, पण मृत्यूवेळी डॉक्टर नव्हता. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीसाठी त्याला शोधत होते. तो गेल्याचं कळल्यावर बिग बिल ब्रुन्झी गायला.

१४. एवढ्या जणांच्या नावात ‘ब्लाइंड’ का?

दृष्टी नसलेल्या माणसाला कापसाच्या शेतात काम मिळत नसे. गाणं हा त्यांच्यासाठी पूर्णवेळ व्यवसाय होता, त्यामुळे ते रोज, तासन्‌तास वाजवत आणि त्यात तयार होत. कंपन्यांनी मग तो शब्द ओळखीची पाटी म्हणून वापरला. सगळे जन्मांध नव्हते, ब्लाइंड बॉय फुलरची दृष्टी तरुणपणी गेली.

१५. केसरबाई केरकरांच्या भैरवीसोबत अंतराळात गेलेलं ब्लूज कोणतं?

ब्लाइंड विली जॉन्सनचं ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ आहे आणि हे गाणंही आहे. विली जॉन्सन टेक्ससचा, रस्त्यावर देवाची गाणी गाणारा. काटेकोरपणे बोलायचं तर हे ब्लूज नाही, भजन आहे. त्याने ब्लूज असं ध्वनिमुद्रित केलंच नाही. पण हात आणि सूर ब्लूजचेच. डिसेंबर १९२७, डॅलस. गाण्यात शब्द नाहीत, नळीवर सरकणारी तार आणि सोबत नुसता हुंकार. भजनाचे शब्द श्रोत्यांना पाठ होते, त्याने ते सोडून दिले. रागाचं नाव न घेता आलाप ऐकावा तसं ते ऐकता येतं.

तो १९४५ साली बोमाँट इथे गरिबीत वारला. केसरबाईंचं निधन १६ सप्टेंबर १९७७चं, दुसरं यान निघाल्यावर दोनच आठवड्यांत.

१६. या लोकांना पैसे मिळाले का?

फारच थोडे. बहुतेकांना गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळे, खपाचा वाटा नाही. रचनेचे हक्क कंपनी किंवा दलाल आपल्या नावावर करून घेत. हँडींसारख्या जाणत्या माणसानेही ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क किरकोळ रकमेला विकले आणि त्यातून धडा घेऊन स्वतःची प्रकाशन संस्था काढली.

१७. विस्मृतीत गेलेले हे कलावंत पुन्हा सापडले कसे?

सर्वांत सुरेख शोध जॉन हर्टचा. १९२८च्या एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं, अ‍ॅव्हलॉनचं नाव घेतलं होतं. चालू नकाशांत ते गाव दिसेना, जुन्या नकाशात सापडलं. १९६३मध्ये टॉम हॉस्किन्स हा ब्लूजचा चाहता तिथे गेला तर हर्ट तिथेच राहत होता, शेतावर काम करत होता. पुढची तीन वर्षं त्याने मोठ्या महोत्सवांत गायलं. १९६४च्या एकाच उन्हाळ्यात स्किप जेम्स टुनिकाच्या रुग्णालयात सापडला आणि सन हाउस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. सन हाउसने गिटार सोडून दिली होती. त्याचीच जुनी गाणी त्याला एका विशीतल्या मुलाने पुन्हा शिकवली.

१८. मडी वॉटर्स सुरुवातीच्या ब्लूजमध्ये धरायचा की नाही?

पुढे शिकागोच्या इलेक्ट्रिक ब्लूजमुळे गाजलेल्या या गायक-गिटारवादकाचा पहिला भाग धरायचा. ऑगस्ट १९४१मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे संगीतज्ञ जॉन वर्क क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल जमीनदारीवर आले, तेव्हा तो ट्रॅक्टर चालवत होता. त्यांनी त्याला त्याच्या खोपटातच ध्वनिमुद्रित केलं. वर्क यांचं नाव या हकिगतीतून अनेकदा गळतं, ते गळू नये. १९४३मध्ये मडी रेल्वेने शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिथून वेगळं प्रकरण सुरू होतं.

१९. मुंबई-गोव्याकडे हे संगीत कधी आलं?

गावरान ब्लूज फार उशिरा. पण ब्लूजवर उभं असलेलं जॅझ १९३०च्या दशकात आलं. लिऑन अ‍ॅबीचा बँड १९३५मध्ये मुंबईच्या ताजमध्ये वाजला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड इथे राहिला आणि चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांसारख्या गोव्याच्या वादकांनी ते उचलून हिंदी चित्रपटसंगीतात नेलं. २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरू लागला, शिकागोचा गिटारवादक बडी गाय तिथे येऊन गेला.

२०. ऐकायला सुरुवात कुठून करू?

बेसी स्मिथच्या १९२५च्या ‘सेंट लुइस ब्लूज’पासून. तीन मिनिटांत तीनच आवाज: बेसी, लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) आणि आपल्या हार्मोनियमच्या कुळातला पायपेटीचा ऑर्गन. तिची ओळ संपते तिथे कॉर्नेट काय उत्तर देतो ते ऐका, प्रश्न १ आपोआप समजेल. मग जॉन हर्टची १९२८ची गाणी, कारण ती कानाला सोपी आहेत. त्यानंतर मॅक्टेलचं ‘स्टेट्सबरो ब्लूज’, जेफरसनचं ‘मॅचबॉक्स ब्लूज’ आणि रात्री, एकट्याने, स्किप जेम्सचं ‘डेव्हिल गॉट माय वुमन’. या सगळ्यांनंतर रॉबर्ट जॉन्सन ऐकलात तर त्याने कोणाकडून काय घेतलं ते दिसेल. पॅटन शेवटी ठेवा, तोवर कान खरखरीला सरावलेला असेल. ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’च्या दोन्ही बाजू सलग ऐका आणि डेल्टाचा नकाशा समोर उघडा ठेवा. लेलंड, ग्रीनव्हिल, रोझडेल, व्हिक्सबर्ग ही सगळी नावं त्यात येतात.